ईव्हीचं ब्रेक पेडल मऊ लागतंय, आणि घरात कोणी मनावर घेत नाहीये

पत्र थोडक्यात असं आहे. वाईजवळ राहणाऱ्या एक ताई लिहितात, दीड वर्षापूर्वी आम्ही सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घेतली, आता ती साडेतीन वर्षांची आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. सकाळी मुलांना शाळेत सोडायला मी नेते, संध्याकाळी मिस्टर वापरतात. दोन महिन्यांपासून मला ब्रेक पेडल मऊ लागतंय, आधीपेक्षा खोल जातं, पटकन दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. सकाळी जास्त जाणवतं, त्यातही गाडी अगदी हळू झाल्यावर. मिस्टरांना काहीच जाणवत नाही, ते म्हणतात अर्धा ब्रेक तर मोटरच मारते, तू उगाच शंका काढतेस. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दुपारी एक चक्कर मारली आणि सांगितलं की ईव्हीचं पेडल असंच असतं. भाऊ म्हणतो ब्रेक ऑइल टॉपअप कर, होईल ठीक. आमच्या गावातला मेकॅनिक चांगला आहे पण ईव्हीला हात लावायला घाबरतो. गौरी-गणपतीला तीन आठवडे राहिलेत, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून महाडला माहेरी जायचंय. दरवर्षी वर हॉटेलात जेवता जेवता गाडी फुल चार्ज करून घेतो म्हणजे खाली चिंता नको. जाऊ का? का मीच जास्त विचार करतेय? आणि व्हिडिओ बघून ब्रेकच्या पाइपातली एअर घरीच काढता येईल का?

ताई,

आधी शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, तुम्ही जास्त विचार करत नाही आहात. तुमच्या पत्रातली एक गोष्ट घरात कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही, ती म्हणजे तुम्ही गाडी सकाळी चालवता आणि मिस्टर संध्याकाळी. रात्रभर घरी चार्जिंगला लावून सकाळी गाडी शंभर टक्के भरलेली असते, बरोबर? भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घालायला जागाच नसते, त्यामुळे अशा वेळी गाडी रीजेन (मोटरने गाडी हळू करून ती वीज परत बॅटरीत भरणं) कमी करते किंवा जवळजवळ बंदच ठेवते, म्हणजे तुमच्या वाट्याला येतात ते खरेखुरे ब्रेक, पॅडचे आणि ड्रमचे. संध्याकाळपर्यंत बॅटरी साठ-पन्नास टक्क्यांवर येते, रीजेन पूर्ण जोरात असतं, मिस्टर ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतात आणि मोटरच गाडी थांबवत आणते, पेडलवर त्यांचा पाय जेमतेम टेकतो. दोघं एकच गाडी चालवताय पण ब्रेक वेगवेगळे वापरताय, म्हणून दोघंही खरंच सांगताय. आणि गाडी अगदी हळू झाल्यावर जास्त जाणवतं म्हणता तेही यात बसतं, कारण शेवटच्या त्या कमी स्पीडला रीजेन सुटतं आणि गाडी पूर्ण थांबवायचं काम पॅड-ड्रमकडे येतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी चक्कर दुपारी मारली, म्हणजे त्यांनाही मोटरचाच ब्रेक लागला असणार.

आता "ईव्हीला असंच असतं" हे वाक्य. त्यात तथ्य नाही असं नाही, ईव्हीचं पेडल पेट्रोल गाडीपेक्षा वेगळं लागतं, काही गाड्यांत तर पेडल आणि ऑइलचा थेट संबंधच नसतो, पायाला जाणवतो तो आत बसवलेल्या स्प्रिंगचा आणि रबराचा जोर असतो. पण ते वेगळेपण गाडी घेतल्या दिवसापासून असतं हो. तुम्ही म्हणताय दोन महिन्यांपासून. पहिले सव्वा वर्ष जे पेडल तुमच्या पायाला ओळखीचं होतं ते आता खोल जातंय, आणि "ईव्हीला असंच असतं" हे त्याचं उत्तर होऊच शकत नाही. मी वीसेक वर्षं वर्कशॉपमध्ये काढलीत आणि माझ्या अनुभवात रोज तीच गाडी चालवणाऱ्या माणसाचा पाय फार क्वचित चुकतो. माझ्या बायकोने एकदा तीन आठवडे सांगितलं होतं की ब्रेक वेगळा लागतोय, मी सवय होईल म्हणून सोडून दिलं, नंतर मागचा ड्रम उघडला तर व्हील सिलिंडर (ऑइलच्या जोराने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळून सगळे लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, ऑइलने भिजलेले. त्या तीन आठवड्यांत ती मुलीला मागे बसवून रोज हायवेवर जात होती. तेव्हापासून कोणी "वेगळं लागतंय" म्हटलं की मी आधी जॅक लावतो.

एक मात्र तपासून घ्या. "पेडल खोल जातं" आणि "गाडी लवकर थांबत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. फुल चार्जला रीजेन नसतं तेव्हा गाडी पाय उचलल्यावर आपोआप हळू होत नाही, पुढे पळत राहते, आणि तेवढ्यानेही ब्रेक कमी झाला असं वाटू शकतं, त्यात बिघाड काही नसतो. याचा निकाल उभ्या गाडीत लागतो, कारण गाडी उभी असताना रीजेनचा विषयच नाही. तर सपाट जागी गाडी लावा, चाकांना दगड लावा, गाडी ऑन करून रेडी येऊ द्या, पी मध्येच ठेवा, हँडब्रेक ओढा. ऑन केल्या क्षणी पेडल पायाखाली थोडंसं खाली जातं ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचं आहे, ते नॉर्मल. मग सिग्नलला दाबता तेवढ्या जोराने पेडल दाबून अर्धा-एक मिनिट तसंच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं तर ऑइल कुठेतरी बाहेर गळतंय किंवा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलचा जोर ऑइलवर टाकणाऱ्या भागाच्या, आतलं सील गेलंय, आणि सीलच्या बाबतीत बाहेर एक थेंबही दिसत नाही हे लक्षात ठेवा. असं झालं तर गाडी तिथेच ठेवायची, शाळेलाही न्यायची नाही, टो करून न्यायची. पेडल सरकलं नाही तर पाय काढा, थोडं थांबा, मग पटापट तीन-चारदा दाबा. पहिल्या दाबात खोल आणि नंतर वर येऊन कडक, असं झालं तर दोनच मोठे संशयित राहतात, पाइपात हवा किंवा मागच्या ड्रममधला गॅप वाढलेला. त्यातही पेडल स्पंजसारखं दबत असेल तर हवा जास्त शक्य, आणि आधी नुसतं पोकळ खाली जाऊन मग एकदम कडक लागत असेल तर ड्रम. तुमच्या वर्णनावरून मला ड्रमचा संशय जास्त येतो, पण इथे बसून छातीठोक सांगणार नाही. हीच टेस्ट मिस्टरांना करायला लावा, तुम्ही बाजूच्या सीटवर बसा, वाद तिथेच मिटेल.

(ज्यांच्या गाडीत वर म्हटलं तसं पेडल ऑइलला जोडलेलंच नाही त्यांना ही टेस्ट फारसं काही सांगणार नाही, त्यांनी डॅशबोर्डवरचे ब्रेकचे दिवे आणि गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं स्कॅन याच्यावरच जावं.)

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बाहेरून बघा, मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात. झाकण उघडायचं नाही, ते ऑइल हवेतली ओल ओढतं. लेव्हल खाली गेलेली असेल तर दोनच कारणं, पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, आणि ईव्हीचे पॅड इतक्या लवकर झिजत नाहीत, म्हणून टॉपअप केलं की काम झालं हे भावाचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. टॉपअपने खूण लपते, गळती तिथेच राहते. आणि टाकायचंच झालं तर झाकणावर जे डॉट (ऑइलचा प्रकार) लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातलं. डॉट ५ आणि डॉट ५.१ नावाला भाऊ-भाऊ वाटतात पण पहिलं सिलिकॉनचं आहे, ते आपल्या नेहमीच्या गाड्यांत जात नाही. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंग ऑइल चुकूनही गेलं तर सगळी रबरं फुगतात. मोबाइलचा टॉर्च घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजूला बघा, टायरच्या भिंतीवर किंवा ड्रमच्या मागे ओलं, चिकट काही दिसतंय का. पावसाळा आहे म्हणून पाणीच असेल असं समजू नका, बोट लावून बघा, ब्रेक ऑइल बुळबुळीत असतं, आणि नंतर हात धुवा, गाडीच्या पेंटला लागलं तर लगेच पाणी ओता.

आता मिस्टरांच्या म्हणण्याबद्दल थोडं सविस्तर बोलू, कारण हा गैरसमज मला सगळ्यात जास्त घरांत दिसतो. मोटरच ब्रेक मारते, म्हणजे ब्रेक कमी वापरले जातात, म्हणजे ते खराब होणारच नाहीत. पहिले दोन भाग बरोबर आहेत, तिसरा चूक. ईव्हीचे ब्रेक झिजून कमी आणि पडून राहून जास्त खराब होतात. डिस्कवर पॅड दाबणारं कॅलिपर ज्या पिनांवर सरकतं त्या पिना न सरकल्यामुळे गंजून जाम होतात, मग एकच पॅड दाबला जातो, तो तिरका झिजतो आणि कॅलिपर वाकल्यासारखं होऊन पेडल मऊ लागतं. ड्रमच्या आत आपोआप गॅप भरून काढणारा ॲडजस्टर असतो, तो धुळीने आणि गंजाने अडकला की लायनर आणि ड्रममधलं अंतर तसंच राहतं आणि पेडलला तेवढं जास्त खाली जावं लागतं. फोक्सवॅगनने आयडी ४ सारख्या इलेक्ट्रिक गाडीला मागे मुद्दाम ड्रम दिलेत, कारण कमी वापरात उघडी डिस्क गंजते, ड्रम झाकलेला असतो. म्हणजे तुमच्या गाडीला ड्रम आहे यात कमीपणा काही नाही, फक्त तो अधूनमधून उघडून साफ करावा लागतो, आणि बहुतेक जण ईव्हीला सर्व्हिसिंग नसतंच म्हणून तो कधीच उघडत नाहीत.

ब्रेक ऑइलचंही तेच. ते किलोमीटरवर नाही, वयावर खराब होतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात, तुमची गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि आधीच्या मालकाने बदललं का हे तुम्हाला माहीत नाही, तर ते पहिलंच ऑइल आहे असं धरून चला. डॉट ४ चं नवं ऑइल कमीत कमी २३० अंशाला उकळायला हवं असा नियम आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर येते. आणि पाणी मुरायला गाडी चालवावी लागत नाही, पाचगणी-वाईकडचा चार महिन्यांचा पाऊस पुरेसा आहे, रबरी होज पाइपातूनसुद्धा ओल आत जाते. एवढंसं पाणी मुरल्याने रोजच्या रस्त्यावर पेडल मऊ लागतंच असं नाही, त्याचा खरा धोका घाटात आहे. सतत ब्रेक लागून कॅलिपर तापतं, ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऑइल दबत नाही पण वाफ दबते, म्हणून पेडल जातं थेट तळाला.

याच्यामुळे तुमची वर फुल चार्ज करायची सवय मला सगळ्यात जास्त खटकली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, पोलादपूर जवळजवळ पायथ्याला. माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी बाराशे मीटर खाली आणायची म्हणजे हिशेबाने साडेपाच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची आहे, लाइट बिलावर असतात तीच युनिटं. त्यातली काही टायर आणि वारा खातो. उरलेली एरवी बॅटरीत गेली असती, तुम्ही ती आधीच काठोकाठ भरलीत तर सगळी उष्णता होऊन पॅड आणि ड्रममध्ये जाणार, तेही आंबेनळीच्या वळणांवर, पावसात, धुक्यात, जुन्या ऑइलवर आणि आधीच खोल जाणाऱ्या पेडलवर. ज्या दिवशी मोटर ब्रेक मारेल असं मिस्टर गृहीत धरतायत नेमक्या त्याच दिवशी ती मारणार नाही. वर ७५-८० टक्क्यांवर चार्जर काढा. खाली उतरेपर्यंत चार्ज कमी व्हायच्या ऐवजी बहुतेक वाढलेलाच दिसेल, म्हणजे ज्या चिंतेपोटी फुल करत होता ती चिंताच नाही.

तर जाऊ का, याचं उत्तर, कारण सापडून काम झाल्याशिवाय या गाडीने नाही. मला माहितीय गौरी माहेरी जायचं म्हणजे काय असतं, आणि गाडी नको म्हटलं की घरात काय बोललं जातं तेही. पण वाईहून कोकणात कुठूनही उतरा, आंबेनळी, वरंध, कुंभार्ली, घाट आहेच, सोपी वाट नाही. तीन आठवडे भरपूर आहेत, हे काम बहुतेक वेळा एका दिवसाचं असतं. तरीही नाहीच झालं तर महाडपर्यंत एसटीने जा, भावाला स्टँडवर बोलवा. एखाद्या वर्षी गौरीला गाडी दारातच राहिली तर काही बिघडत नाही.

घरी एअर काढायचं म्हणता, त्याला माझा नकार आहे. तुमच्या हाताला जमणार नाही असं अजिबात म्हणत नाही, बाकीच्या तपासण्या तुम्हीच करायला सांगतोय ना. पण ब्लीडिंगच्या, म्हणजे एअर काढायच्या, वेळी पेडल तळापर्यंत दाबतात आणि जुन्या मास्टर सिलिंडरच्या आत जिथे सील कधी पोचलेलं नसतं तिथल्या गंजाच्या खरबरीत भागावर घासून चांगलं सील फाटू शकतं. शिवाय एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या) युनिटमध्ये अडकलेली हवा नुसतं चाकाजवळचं हवा सोडायचं निपल सैल करून निघत नाही, स्कॅनर लावून आतले वॉल्व्ह उघडावे लागतात. आणि काही ईव्हींत दार उघडलं किंवा चावी जवळ आली तरी गाडी जागी होऊन स्वतःच ब्रेकला प्रेशर देऊ शकते, त्या वेळी कोणाची बोटं कॅलिपरमध्ये असली तर काय होईल सांगायला नको. म्हणून आधी गाडी सर्व्हिस मोडला टाकायची असते आणि तो क्रम त्या त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो.

तुमच्या गावातल्या मेकॅनिकची भीती मात्र थोडी कमी करता येईल. हाय व्होल्टेजच्या वायरी नारिंगी असतात, त्यांना हात लावायचा नाही, बास. ड्रम, लायनर, व्हील सिलिंडर, पॅड, पिना हे सगळं त्याने आयुष्यभर पेट्रोल गाडीत केलंय तसंच आहे, ते तो उघडून, साफ करून, ॲडजस्ट करून देऊ शकतो. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावायला सांगा, साधं ग्रीस रबर फुगवतं. त्याने ड्रम ॲडजस्ट केल्यावरच पेडल वर आलं तर निदान कळलंच. ऑइल बदलणं आणि एअर काढणं मात्र स्कॅनरवाल्याकडे. सर्व्हिस सेंटर किंवा गावचा मेकॅनिक असं एकच निवडायची गरज नाही, दोघांचं काम वेगळं आहे.

सर्व्हिस सेंटरला परत जाल तेव्हा सकाळी जा, रात्री फुल चार्ज करून, आणि तिथे पोचल्यावर वाट बघत बसू नका, टेस्ट ड्राइव्ह तेव्हाच मागा, शेजारी तुम्ही बसा. गाडीत रीजेन कमी करायचं बटण असेल तर सगळ्यात कमी लेव्हलला घ्यायला सांगा. जॉबकार्डवर "ब्रेक चेक करणे" एवढंच लिहू देऊ नका, "पेडल दोन महिन्यांपासून पूर्वीपेक्षा खोल जाते, दुसऱ्या दाबात वर येते, १०० टक्के चार्जला जास्त" असं अक्षरशः लिहून घ्या. तिथे तुमच्याच मॉडेलची डेमो गाडी असेल तर तिचं पेडल दाबून बघा, यासारखा पुरावा नाही. ऑइलमधल्या पाण्याचं रीडिंग विचारा, ते मीटरने दोन मिनिटांत निघतं. पुढच्या चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची, मागच्या लायनरची जाडी विचारा, आतला आणि बाहेरचा पॅड यात मोठा फरक असेल तर पिना जाम असण्याची शक्यता जास्त. ड्रम तुमच्यासमोर उघडायला सांगा. आणि परत "असंच असतं" म्हणाले तर शांतपणे म्हणा, गाडी घाटात नेण्यास सुरक्षित आहे असं जॉबकार्डवर लिहून सही द्या. यानंतर बहुतेक वेळा सीनियर माणूस येऊन गाडी पुन्हा बघतो असा माझा अनुभव आहे. वॉरंटीचे कागदही काढून ठेवा, लोक बॅटरीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीवर निवांत असतात पण झिजणारे पॅड-लायनर सोडले तर ब्रेकचे पार्ट सहसा गाडीच्या वॉरंटीत येतात आणि ती मुदत वेगळी असते.

तोपर्यंत, उभ्या गाडीतल्या टेस्टमध्ये पेडल सरकत नसेल, कुठे ओलं नसेल आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा नसेल, तर सर्व्हिस सेंटरपर्यंत जायला हरकत नाही, हळू आणि अंतर ठेवून. रात्रीचं चार्जिंग ८० वर थांबवा म्हणजे रीजेन मदतीला राहील, फक्त तपासणीच्या दिवशी तेवढं फुल. आणि चालू गाडीत पेडल कधी तळाला गेलंच तर गाडी बंद करायची नाही, बंद केली तर बूस्टर आणि स्टिअरिंगची मदतही जाते. पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढा, रीजेन सगळ्यात वर घ्या, पेडल भराभर पंप करा, हँडब्रेक हळूहळू ओढत आणा, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बटण ओढून धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीलाही त्याने ब्रेक लागतो. तुमच्या गाडीत तसं आहे का ते मॅन्युअलमध्ये आजच बघा. आणि गाडी दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला घ्या.

काम झाल्यावर थेट घाटात जाऊ नका, दोन-तीन दिवस गावातच चालवा, अर्ध्या मिनिटाची धरून ठेवायची टेस्ट रोज सकाळी करा. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, रीजेन कमी करून चार-पाच वेळा जरा जोरात ब्रेक मारा, डिस्कवरचा गंज त्याने निघतो, आणि ही सवय आठवड्यातून एकदा कायम ठेवा. घाटात उतरताना रीजेन वरच्या लेव्हलला, ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. पोलादपूरला चहाला थांबाल तेव्हा चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका, नुसती धग किती येतेय ते बघा. पुढची दोन मागच्यांपेक्षा गरम असणारच, पण डाव्या-उजव्यात मोठा फरक वाटला तर कुठलं चाक ते लिहून ठेवा आणि परतीचा घाट चढायच्या आधी महाडमध्ये कोणाकडून तरी तेवढं चाक उघडून बघून घ्या.